जखमी पक्षिणीची प्रार्थना

कविता सुरू होते तेव्हा बाण लागून गेलेला असतो. शिकारी कुठे दिसत नाही, त्याचे धनुष्य दिसत नाही, नेम धरणारा डोळा दिसत नाही. दिसते ती फक्त एक पक्षिणी. पडते आहे, उठते आहे, पुन्हा बळ करून उडते आहे. डोळ्यांवर झापड येते आहे, वाट चुकते आहे, कोवळ्या अंगातून रक्त गळते आहे. आणि चार ओळी संपता संपता ती आपल्या ढोलीत पोचतेही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता मराठी मुलांच्या किती पिढ्यांनी शाळेत पाठ केली असेल! पाठ केल्यामुळे ती आपल्याला माहीत आहे असे आपण धरून चालतो आणि मग पुन्हा वाचत नाही. मला ती पुन्हा वाचावीशी वाटते ती टिळकांच्या स्तोत्रांमुळे. गावोगावच्या मराठी चर्चमधून आजही गायली जाणारी त्यांची पदे आणि ही पाखराची कविता एकाच हाताची आहेत. या कवितेतली पक्षिणी जशी प्रार्थना करते, तशीच प्रार्थना करायला टिळकांनी पुढे सबंध मंडळीला शिकवले.

आधी वृत्त पाहू. कविता पृथ्वी वृत्तात आहे. ओळीला सतरा अक्षरे आणि आठव्या अक्षरावर यती. पृथ्वी हे भारदस्त वृत्त. पंडित कवींनी ते मिरवले, आणि मोरोपंतांनी तर ‘केकावली’ त्यात रचली. टिळक पहिल्याच ओळीत या भारदस्त वृत्ताचे तुकडे करतात. छोटी छोटी क्रियापदे एकामागून एक येतात आणि प्रत्येकापाशी श्वास अडतो. यती नेमका कुठे पडतो ते पाहण्यासारखे आहे. पक्षिणी उठते तिथे तो पडतो. म्हणजे वृत्ताला जिथे थांबायचे असते तिथेच तीही क्षणभर टेकते आणि मग उरलेल्या अर्ध्या ओळीत जिवाच्या आकांताने उडते. ओळ मोठ्याने म्हणून पाहावी. थोडी धाप लागते. पंखांची फडफड दाखवायला वेगळी उपमा टिळकांना लागलीच नाही, गणांनी ते काम केले.

मोरोपंतांचा उल्लेख मी नुसता वृत्तापुरता केलेला नाही. केका म्हणजे मोराचा टाहो. मोरोपंतांनी स्वतःला मोर कल्पून देवाला घातलेल्या हाकांची ती माळ आहे. पाखराच्या तोंडून देवाला आळवण्यासाठी मराठीने आधीच सिद्ध करून ठेवलेले वृत्त टिळकांनी उचलले. संस्कृत काव्यात मुरलेल्या, नाशिकला शास्त्र्यांपाशी शिकलेल्या या कवीला ते ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. फरक इतकाच की मोरोपंतांचा मोर स्वतःच्या उद्धारासाठी टाहो फोडतो, आणि टिळकांची पक्षिणी स्वतःसाठी काहीच मागत नाही.

दुसऱ्या कडव्यात ती बोलू लागते. पहिले वाक्यच हे की मला आता फार बोलवत नाही. मग सांगते, तुमच्यासाठी एक शेवटचा घास आणला आहे, तो गोड करून घ्या, एकदा भरवते. आणि मग, कडव्याच्या अगदी शेवटच्या ओळीत, यापुढे तुमचा सांभाळ अनाथांचा पिता असलेला प्रभू करील. क्रम पाहा. आधी घास, मग देव. पिलांच्या चोचीत काही पडल्यावरच देवाचे नाव येते. पुष्कळ धार्मिक कवितेत हा क्रम उलटा असतो. देवाचे नाव आधी मोठ्याने घेतले जाते आणि भुकेल्याकडे पाहायचे राहून जाते. टिळकांच्या पक्षिणीला ते जमणार नाही, कारण ती आई आहे.

या घासाची खरी किंमत आपल्याला तिसऱ्या कडव्यात कळते. तिथे ती झाले काय ते सांगते. सकाळी गोड गाऊन मी माणसांना रिझवले. तीच माणसे मला मारतील हे मनातही आले नाही. तुमच्यासाठी चोचीत घास धरून झाडावर क्षणभर बसले होते, तेवढ्यात बाण उरात शिरला. इथे वाचक थबकला पाहिजे. म्हणजे बाण लागला तेव्हा घास चोचीत होता! उरात बाण शिरला, रक्त वाहिले, वाट चुकली, डोळ्यांपुढे अंधार आला, पण चोच उघडली नाही. पहिल्या कडव्यातली ती सारी धडपड घास चोचीत धरून चालली होती, हे कवी तेव्हा सांगत नाही. तो ते तिसऱ्या कडव्यात, तेही जाता जाता एका अर्ध्या ओळीत सांगतो, आणि आपल्याला मागे जाऊन पहिले कडवे पुन्हा वाचावे लागते. ‘भावनाप्रधान’ म्हणून ही कविता बाजूला सारणाऱ्यांनी एवढी रचना तरी पाहावी. भावना आवरून धरण्याची केवढी ताकद या कवीपाशी आहे!

चौथे कडवे उपरोधाचे आहे. माणसांना रमवण्यात आयुष्य गेले म्हणून मला मारले, केवढी ही दया, केवढा हा न्याय, दुबळ्या निरपराध पाखराला मारून माणूस खरोखर शूर ठरला. मरणाऱ्या आईच्या तोंडी इतका धारदार उपरोध शोभतो का, असा प्रश्न मला पडतो. मला वाटते तो शोभतो, पण थोडाच वेळ, आणि टिळकांनीही तो थोडाच वेळ ठेवला. वाल्मीकींच्या क्रौंचवधाची आठवण इथे टाळता येत नाही. तिथे ऋषी निषादाला शाप देतो. इथे शाप नाही. मारलेला जीव मारणाऱ्याला चार कडू शब्द बोलतो आणि लगेच पिलांकडे वळतो, कारण वेळ थोडा आहे.

पाचव्या कडव्यात तर माझा जीव प्रत्येक वेळी गलबलतो. ती म्हणते, तुम्हाला वाटेल आई जगाला भुलली, आपल्या लेकरांना विसरली, म्हणून एवढ्या संकटातून उडत घरी आले. म्हणजे ती घरी आली ती केवळ घासासाठी नाही. पिलांच्या मनात आईविषयी गैरसमज राहू नये यासाठीही आली. टाकून दिले गेल्याची भावना पिलांना जन्मभर पुरली असती. ती तिने आपल्या शेवटच्या उड्डाणाने पुसली. लगेच पुढे सांगते की आता माझ्या अंगात जराही ऊब उरलेली नाही, माझ्या कुशीत शिरू नका. कुशीत घेण्यासाठी धडपडत आलेल्या आईला कुशीत येऊ नका म्हणावे लागते! आणि मग, माझी आठवण काढाल तेव्हा माझ्याबरोबर त्या दयाघनाचीही काढा. देवाची आठवण आईच्या आठवणीच्या सोबतीने यावी, तिच्या जागी नव्हे. टिळकांच्या स्तोत्रांचा सारा मार्ग मला या एका विनवणीत दिसतो.

सहाव्या कडव्याचा पहिला अर्धा भाग मराठी कवितेतल्या सर्वांत हळुवार कृतींपैकी एक आहे. रक्त वाहून पिलांचा मऊ बिछाना भिजू नये म्हणून पक्षिणी घरट्यातून निघते आणि झाडाखाली मातीवर जाऊन पडते. एवढी वाट तुडवून घरी आली आणि मरायला मात्र घराबाहेर गेली. दुसऱ्या अर्ध्या भागात कवी स्वतः मध्ये येतो आणि माणसाच्या बुद्धिबळाला टोला हाणतो. मला हा टोला नको वाटतो. पक्षिणीच्या त्या कृतीनंतर कोणी बोलू नये, कवीनेही नाही. टिळकांच्या कवितेचा हा जुना दोष आहे. त्यांच्यातला उपदेशक त्यांच्यातल्या कवीला कधी कधी पुरते थांबू देत नाही.

पण शेवटच्या कडव्यात कवी पुन्हा भानावर येतो आणि कमाल करतो. वृत्तच बदलतो. सहा कडवी सतरा अक्षरांच्या पृथ्वीत धावली. सातवे चौदा अक्षरांच्या वसंततिलकात येते. ओळ आखूड होते, तिची सुरुवात दोन गुरूंनी संथ होते, मधला तो अडखळणारा यती नाहीसा होतो. धडपड संपली हे अर्थ कळायच्या आधी कानाला कळते. पंख मातीत पसरलेले, फिकट निष्कलंक पोट वर झालेले, पाय लांबलेले, आणि चोच होती तशीच उघडी. त्या चोचीवर मी दर वेळी थांबतो. बाण लागला तेव्हा न उघडलेली चोच आता मिटत नाही. शेवटचे भरवणे आणि शेवटचे बोलणे दोन्ही त्या उघड्या चोचीत राहून गेले आहे. टिळक तसे म्हणत नाहीत. ते फक्त दाखवतात, आणि श्रम संपले एवढे सांगून गप्प होतात.

ही कविता ख्रिस्ती आहे असे मला म्हणायचे नाही. तिच्यात ख्रिस्ताचे नाव नाही. ‘अनाथांचा नाथ’ ही हाक संतांच्या घरची, आणि पोरक्यांचा पिता ही देवाची ओळख बायबलातल्या स्तोत्रांतही आहे. दोन्ही घरांना पक्षिणीची ती ओळ आपली वाटेल. टिळक ज्या दोन घरांमध्ये उभे राहिले त्यांच्या सामाईक भिंतीतली ती खिडकी आहे.

टिळकांचे आयुष्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे मराठी वाचकाला घरच्यासारखे ठाऊक आहे, म्हणून इथे थोडक्यात सांगतो. जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जाताना डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटला, कवितेवर बोलला आणि नवा करार हाती देऊन गेला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी टिळक थांबले ते थांबलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यासोबत नव्हत्या. ताटातुटीची वर्षे गेली आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगर, अमेरिकन मराठी मिशन, पाद्रीपण, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन. बालकवी ठोंबरे याच घरात मुलासारखे राहिले. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले.

याच काळात मुंबई-पुण्यात दुसरीही एक उपासना चालू होती. १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजात तुकोबांचे अभंग निराकार एकेश्वरापुढे गायले जात. या समाजाचे जवळचे सोयरे म्हणजे विलायतेतले युनिटेरियन, त्रैक्य न मानणारे, ख्रिस्ताला देव न म्हणता थोर गुरू मानणारे ख्रिस्ती. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले आणि १९०३ मध्ये परतून प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. जैंतिया टेकड्यांमध्ये जोवाईला हाजोम किस्सोर सिंग यांनी १८८७ मध्ये युनिटेरियन उपासना सुरू केली आणि खासी भाषेत तिच्यासाठी गीते रचली. युनिटेरियन पाद्र्यांमध्ये गीते रचणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या एडमंड सिअर्स या पाद्र्याने १८४९ साली लिहिलेले नाताळचे गीत आज जगभर सर्व पंथांत गायले जाते. त्यात गोठ्यातले बाळ जवळजवळ नाहीच. आहे ते देवदूतांचे गाणे आणि भांडणाऱ्या माणसांना न ऐकू येणारी शांतीची वार्ता. युनिटेरियन कवीचे लक्ष संदेशाकडे असते, आणि त्या परंपरेची उंचीही तीच आहे.

टिळक या बाजूला राहू शकले असते. बाप्तिस्म्याआधी आपणच एखादा नवा धर्म स्थापावा, सर्व धर्मांचे सार घ्यावे, असे त्यांच्या मनात घोळत होते. मग ते एका ठरावीक पंथाच्या दारातून का गेले? धर्मशास्त्रात त्याची उत्तरे असतील. त्यांच्या कवितेने दिलेले उत्तर मला अधिक पटते. त्यांना देव जखमी हवा होता. ज्याच्या अंगातून रक्त वाहते आणि जो तशाही स्थितीत घास घेऊन घरी येतो, असा. एकेश्वरवाद्यांचा निराकार प्रभू त्यांना पूज्य होता, पण त्याला ऊर नाही आणि उरात बाण लागत नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. तुकोबांनीही देवाला नुसते सत्य म्हणून आळवले नाही. त्याच्याशी भांडले, त्याला घरातल्या माणसासारखे धारेवर धरले. टिळकांनी पुलावरून येताना हे सारे बरोबर आणले.

मराठीत ख्रिस्ती काव्य टिळकांच्या आधी जवळजवळ तीनशे वर्षे होते. फादर थॉमस स्टीफन्सचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. अमेरिकन मिशनरी आल्यावर भाषांतरित गीते इंग्रजी चालींवर गायली जाऊ लागली. मराठी शब्द त्या चालींत अवघडून बसत, ऱ्हस्वाचे दीर्घ होत, आघात भलत्या अक्षरावर पडत. टिळकांच्या आधीच कृष्णराव सांगळे यांनी नगरकडे कीर्तनाची वाट धरली होती. टिळकांनी मग अभंग, ओवी आणि पद हेच उपासनेचे घर केले. पेटी, तबला आणि झांजा यांच्या साथीने मंडळी जे सहज गाऊ शकेल ते लिहिले. आज मराठी चर्चच्या ‘उपासना संगीता’त सर्वाधिक हात त्यांचा आहे.

त्यांच्या एका पदाकडे जरा जवळून पाहू. इंग्रजीतही ते भाषांतर होऊन गेले. ख्रिस्त आणि मी यांचे नाते कसे आहे, हे सांगण्यासाठी टिळक जोड्या मांडत जातात. वीणा आणि वाजवणारा. विचार आणि उच्चार. फूल आणि गंध. बासरी आणि फुंकर. मग आई आणि मूल, वाटसरू आणि वाटाड्या, तेल आणि ज्योत. मग तळे आणि पाऊस, मासा आणि पाणी, सूर्य आणि पहाट. वरवर पाहता ही संतपरंपरेतली ओळखीची रीत आहे. रविदासांच्या नावाने उत्तर भारतात गायल्या जाणाऱ्या भजनातही चंदन आणि पाणी, दिवा आणि वात अशा जोड्या येतात. मग टिळकांचे वेगळेपण कशात?

या जोड्या एका जातीच्या नाहीत, त्यात आहे. फूल आणि गंध वेगळे करता येत नाहीत. पण वाटसरू आणि वाटाड्या येतात. ते दोघे वाटेत कुठेतरी भेटलेले असतात, आणि न भेटणेही शक्य होते. ज्याने आगगाडीच्या डब्यात अनोळखी माणसाकडून पुस्तक घेतले त्याच्या हातून ही जोडी सुटणार नव्हती. तेल आणि ज्योत घ्या. तिथे तेल जळते. एकजण संपतो तेव्हा दुसरा उजळतो. कोण तेल आणि कोण ज्योत हे टिळक सांगत नाहीत, आणि ते न सांगण्यातच गोडी आहे, कारण क्रुसाकडे पाहिले तर तेल ख्रिस्त आहे आणि भक्ताच्या आयुष्याकडे पाहिले तर भक्त. तळे आणि पाऊस यांत तळे पावसाला काही देत नाही, फक्त साठवते. वीणा स्वतः वाजत नाही. मासा पाण्याबाहेर मरतो, पण पाणी माशावाचून राहते. म्हणजे जवळीक, अवलंबून असणे, कृपा, योगायोगाने भेटणे, जळून जाणे, असे प्रेमाचे किती प्रकार एका छोट्या गाण्यात येऊन जातात! पण दोघे मिसळून एकच झाले, असे एकाही जोडीत होत नाही. जोडी शेवटपर्यंत जोडीच राहते. अद्वैताची भाषा जिथे सहज आली असती तिथेही टिळक भक्ताला पुसून टाकत नाहीत, कारण गाणाराच उरला नाही तर गाणार कोण!

ख्रिस्ताला त्यांनी गुरुमाउली म्हटले, तेही याच ओढीने. वारकऱ्याला पुरुष देवाला आई म्हणण्यात काही अवघड वाटत नाही. पाश्चात्त्य उपासनेत ही हाक अपवादानेच ऐकू येते. टिळकांच्या मंडळीतली नगरकडची, खेड्यापाड्यातली, बहुतेक दलित समाजातून आलेली माणसे ही हाक मारत असतील तेव्हा ती त्यांना शिकवावी लागली नसेल. पंढरीच्या दारात ज्यांना उभे केले गेले नाही, त्यांच्या मुखी पंढरीचीच हाक आली आणि ती ऐकणारा देव आता आडकाठी न करणारा होता. हे टिळकांनी कुठे लिहून ठेवले आहे असे नाही. गाणाऱ्यांच्या गळ्यात ते आपोआप घडले.

दुसरे एक पद याहून साधे आहे. त्यात भक्त प्रभूला सांगतो की मी अजून पुष्कळ कमी पडतो. बस्स, एवढेच, पुन्हा पुन्हा. पापाची कबुली देणारी गीते मिशनच्या परंपरेत भरपूर होती, आणि त्यांचा सूर बहुतेक वेळा न्यायालयातला असे. टिळकांच्या पदात आरोपी नाही. वर्षानुवर्षे कामात असलेला, म्हातारपणाकडे झुकलेला एक माणूस आपल्या मालकाला, नव्हे आपल्या जिवलगाला, सांगतो आहे की काम अजून झालेले नाही. त्या ‘अजून’मध्ये खंत आहे, पण पुढे जायची उमेदही आहे. निकोल मॅकनिकल यांनी इंग्रजीत नेलेल्या टिळकांच्या दुसऱ्या गीतातही हेच आहे. तुझ्या शाळेत विद्यार्थी म्हणून मोजला जाण्याची ज्याची लायकी नाही त्याला तू मित्र केलेस. ते गीत तिकडच्या स्तोत्रसंग्रहांत गेले आणि मराठी कधी न ऐकलेली माणसे ते गाऊ लागली. स्तोत्राचा हाच खरा प्रवास. पंढरपूरचे नामदेव पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला रमले, त्यांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि चंदीगडच्या एखाद्या गुरुद्वारात पहाटे ती म्हणणाऱ्याला आपण मराठी संताचे पद आळवतो आहोत याची दर वेळी जाणीव असतेच असे नाही. गाणे गाणाऱ्याचे होते. कवितेला हे भाग्य क्वचित लाभते, कारण कवितेवर कवीचे नाव चिकटून राहते.

टिळकांचे सगळेच लेखन या तोडीचे नाही, हे प्रेमाने पण स्पष्ट सांगायला हवे. ‘वनवासी फूल’ ही त्यांची दीर्घ कविता. कवी आणि रानातले फूल यांचा संवाद. एकांत बरा की जगात मिसळून सेवा बरी, असा तिचा विषय. कल्पना सुंदर आहे, पण फूल बोलू लागले की वाद घालू लागते आणि मला फुलाचा वास येईनासा होतो. पक्षिणी जखमेतून बोलते, फूल मतातून बोलते. ‘फुलामुलांचे कवी’ ही टिळकांची ओळख खरी आहे, पण फुलाकडे नुसते पाहून गप्प बसण्याची कला त्यांच्यापेक्षा त्यांच्या घरात वाढलेल्या बालकवींना अधिक साधली. उलट दुखावलेल्या जिवाला वाचा देण्यात टिळकांची बरोबरी बालकवींनाही करता आली नाही. शीघ्रकवित्वाचा शापही टिळकांना होताच. प्रसंग आला की कविता, सभा आली की पद. त्यांतले पुष्कळसे आज वाचवत नाही.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे काम सोडले, संन्यस्त वृत्तीने राहू लागले आणि ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. ख्रिस्तावर प्रेम असणे एवढीच अट. प्रार्थना समाज आणि युनिटेरियन यांच्यापासून आयुष्यभर वेगळ्या वाटेने गेलेला हा पाद्री शेवटी त्यांच्या अंगणाशी येऊन पोचला, असे वाटू शकते. मला तसे वाटत नाही. ते लोक जखमेला बाजूला ठेवून सर्वांना एकत्र बोलावत होते. टिळकांनी जखम मध्यभागी ठेवली आणि भिंती काढल्या. दरबाराला दोन वर्षेही धड मिळाली नाहीत.

‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्र मराठीत रचायचे त्यांचे मोठे स्वप्न होते. सुरुवातीचे अध्याय लिहून झाले आणि ते गेले. लक्ष्मीबाईंना टिळकांसारखे शास्त्रीय शिक्षण मिळालेले नव्हते. अक्षरओळख संसारात झाली, कविता नवऱ्याच्या संगतीने आली. त्या बाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले. नवऱ्याच्या अध्यायांत पंडिताचा तोल आहे. बाईंच्या रचनेत माणसे घरात बोलतात तशी बोलतात, आणि येशूची आई, आजारी, भुकेले यांच्यापाशी ती अधिक रेंगाळते. १९३६ मध्ये त्या गेल्या तेव्हा ग्रंथ पुरा व्हायचा होता. शेवटचा अध्याय त्यांचा मुलगा देवदत्त याने लिहिला, आणि १९३८ मध्ये ‘ख्रिस्तायन’ छापून आले.